बंदूक सोडून बाकी सगळं बघा : एयरोसिटीहून परदेशी शॉपिंगला निघताना

चंदीगडला विमानातून उतरून बाहेर आलात की तुम्ही खरं तर चंदीगडमध्ये नसता, मोहालीत असता. समोर दोनशे फुटी रुंद एअरपोर्ट रोड, त्याच्या कडेला गमाडाने, म्हणजे मोहालीच्या विकास प्राधिकरणाने आखलेली नवी कोरी वस्ती, तीच एयरोसिटी. सरळ रेषेत कापलेले ब्लॉक, तीन-तीन मजल्यांच्या कोठ्या, प्रत्येक मजल्यावर वेगळं कुटुंब, खाली पार्किंगमध्ये धुतलेल्या गाड्या. कोपऱ्याकोपऱ्यावर कॅफे आणि त्यांच्या वरती आयईएलटीएसचे क्लास आणि व्हिसाच्या जाहिराती. इथल्या जवळजवळ प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी परदेशात आहे, किंवा जायच्या तयारीत आहे. त्यामुळे इथे गप्पांचा विषय हवामान नसतो, बॅगेचं वजन असतो.

माझी मावशी इथे राहते. काका हवाई दलातून निवृत्त झाले आणि इथेच रमले. त्यांची मुलगी, म्हणजे माझी मावसबहीण, पंधरा वर्षांची आहे आणि एअर रायफलची नेमबाजी करते. त्या घरात आठवडाभर राहिल्यावर माझ्या लक्षात आलं, की आपण परदेशातून चॉकलेट आणि परफ्युम आणायला सांगतो, तसं इथली माणसं 'तिकडून' नेमबाजीचं आणि शिकारीचं सामान आणायला सांगतात. कुणाला कॅनडातल्या भावाकडून दुर्बीण हवी असते, कुणाला अमेरिकेतून जंगलात घालायचं जॅकेट, कुणाला जर्मनीहून छर्रे. आणि याच सामानात अशाही काही वस्तू असतात, ज्या तुम्हाला विमानतळावरून थेट पोलीस ठाण्यात नेऊ शकतात. म्हणून म्हटलं, यावर एकदा सविस्तर लिहावंच. तुम्ही नाशिकला राहत असा, पणजीला किंवा न्यू जर्सीला, यातलं बरंचसं तुमच्याही कामाचं आहे.

आधी हे समजून घ्या, की या भागाला बंदुकीचं इतकं वेड का. पंजाबी गाणी ऐकणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. शेवटी २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये पंजाब सरकारला शस्त्रांचं कौतुक करणाऱ्या गाण्यांवर आणि शस्त्रांच्या जाहीर प्रदर्शनावर बंदी घालावी लागली. लग्नात हवेत गोळीबार करण्याची हौस तर केंद्राच्या २०१९ च्या शस्त्र कायदा दुरुस्तीत थेट गुन्हा ठरली. त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण याच मातीत दुसरी गोष्टही उगवली आहे. एयरोसिटीपासून थोड्याच अंतरावर झिरकपूर आहे. तिथे अभिनव बिंद्राच्या आईवडिलांनी घराच्या आवारातच त्याच्यासाठी रेंज बांधून दिली होती आणि ११ ऑगस्ट २००८ ला बीजिंगमध्ये त्याने १० मीटर एअर रायफलमध्ये भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. आज मोहालीच्या फेज सहामधल्या रेंजवर संध्याकाळी मुलामुलींची रांग लागते, त्यामागे तो दिवस आहे.

आपल्या मराठी घरांनाही हे नवीन नाही. किंबहुना या बाबतीत कोल्हापूर पंजाबला मान खाली घालायला लावणार नाही. तिथल्या नव्या राजवाड्यातल्या संग्रहालयात पेंढा भरलेले वाघ तुम्ही पाहिले असतील. संस्थानच्या काळातली ती शिकारीची हौस. त्याच कोल्हापूरने पुढे तेजस्विनी सावंत दिली, जी २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोनमध्ये जगज्जेती झाली. राही सरनोबत दिली, जिने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं. आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, ज्याने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य जिंकलं. स्वप्नीलच्या शिक्षक वडिलांनी मुलाच्या सरावाच्या गोळ्यांसाठी कर्ज काढलं होतं, हे तेव्हा सगळ्यांनी वाचलं. या खेळात पैसा कुठे जातो ते यावरून कळतं. मैदान, बूट आणि बॅट एवढ्यावर हा खेळ भागत नाही. इथे प्रत्येक सराव म्हणजे पैसे जाळणं.

त्यात चांगल्या सामानाचा मोठा भाग परदेशातच बनतो. ऑलिंपिक दर्जाच्या एअर रायफली बनवणाऱ्या वाल्टर आणि आन्शुट्झ या दोन्ही कंपन्या जर्मनीतल्या उल्म शहरातल्या, फाइनवेर्कबाऊ ओबर्नडॉर्फची. पिस्तुलं म्हटलं की इटलीची पार्दिनी आणि स्वित्झर्लंडची मोरिनी. एका रायफलीची किंमत काही लाखांच्या घरात जाते. मग साहजिकच मनात येतं, की कुणीतरी जर्मनीला चाललंय, तर त्यालाच घेऊन यायला सांगू.

नका सांगू. इथूनच सगळा घोळ सुरू होतो.

भारतात २० ज्यूलपर्यंत ताकदीच्या आणि ०.१७७ इंच, म्हणजे साडेचार मिलिमीटरपर्यंतच्या नळीच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही, हे २०१६ च्या शस्त्र नियमांमुळे अनेकांना माहीत झालंय. पण घरात ठेवायला परवाना लागत नाही याचा अर्थ ती सुटकेसमधून आणता येते असा होत नाही. घरात ठेवणं हा एक प्रश्न आणि देशात आयात करणं हा दुसरा. खऱ्या बंदुकीची तर गोष्टच वेगळी. तिची आयात सर्वसामान्य माणसाला बंद आहे, आणि प्रवाशाला सामानावर जी शुल्कमाफी मिळते तीत बंदूक बसत नाही. सरकारच्या निकषांप्रमाणे 'नामांकित नेमबाज' वगैरे दर्जा मिळालेल्या खेळाडूंना आणि रायफल क्लबना राष्ट्रीय रायफल संघटनेच्या शिफारशीने स्वतःच्या वापरासाठी आयात करता येते, पण त्याचे कागद प्रवासाच्या आधी तयार व्हावे लागतात. विमानतळावर उतरल्यावर कस्टमच्या टेबलापाशी ते तयार होत नाहीत. तुमचं मूल खेळत असेल, तर आधी राज्य संघटनेत जाऊन बसा, लेखी उत्तर घ्या आणि मगच युरोपातल्या भावोजींना मेसेज करा.

मग आणायचं काय? भरपूर काही. नेमबाजीतलं निम्मं सामान बंदूक नसतंच. कॅनव्हास आणि चामड्याचं ताठ जॅकेट, तशीच विजार, सपाट तळाचे बूट, हातमोजा, नेमबाजीचा चष्मा, एका डोळ्यावर लावायची पट्टी, कानातले प्लग, गुडघ्यावर बसून नेम धरताना घोट्याखाली घ्यायची गुंडाळी. हे सगळं साधं क्रीडासाहित्य आहे. बिल जवळ ठेवा आणि शुल्कमाफीच्या मर्यादेपेक्षा जास्त किमतीचं असेल तर लाल मार्गिकेतून जाऊन सांगा.

मात्र जॅकेट घेताना मापाच्या बाबतीत भावनिक होऊ नका. मावशीच्या घरात यावरून मी अख्खी संध्याकाळ वाद ऐकला. मावशीचं म्हणणं, पोर वाढतेय, दोन इंच मोठं घेऊ. घराघरातली ही शाळेच्या युनिफॉर्मची पद्धत. पोर म्हणाली, "आई, ढगळ चालत नाही गं, चेकिंगला बाद करतात." आणि ती बरोबर होती. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे जॅकेटच्या कापडाची जाडी एकेरी मापात अडीच मिलिमीटरच्या वर जाऊ शकत नाही, ते किती ताठ असावं याचीही यंत्राने चाचणी होते, बटणं लावल्यावर ते किती एकमेकांवर चढतं हेसुद्धा मोजतात. कारण जॅकेट जितकं जाड आणि ताठ, तितका शरीराला फुकटचा आधार. म्हणजे दुकानात जे जास्त भक्कम वाटतं तेच स्पर्धेत बाद होऊ शकतं. युरोपातले चांगले शिवणारे अंगाची पंधरा-वीस मापं मागतात. ती मापं प्रशिक्षकासमोर, नेम धरायच्या स्थितीत घ्या. टेलरकडे उभं राहून नको. आणि वाढत्या वयाच्या मुलासाठी पहिलं जॅकेट भारतातच बनवलेलं घ्या असं माझं स्पष्ट मत आहे. आता आपल्याकडेही चांगली बनतात, आणि दीड वर्षात आखूड होणाऱ्या कपड्यासाठी युरो खर्च करण्यात अर्थ नाही.

छर्र्यांची गोष्ट मला सगळ्यात मजेशीर वाटली. बाहेरून पाहिलं तर शिशाचा इवलासा दाणा, अर्ध्या ग्रॅमचा. पण डबीवर ४.४९, ४.५०, ४.५१ असे आकडे असतात. एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हा फरक, आणि कुठल्या नळीला कुठला आकडा मानवतो ते फक्त मारून बघितल्यावर कळतं. सख्ख्या बहिणींसारख्या एकाच कारखान्यातल्या दोन रायफली, पण एकीला जे पचतं ते दुसरीला पचत नाही! पॉइंट टू-टूच्या गोळ्यांचं तर याहून पुढे आहे. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला इलीच्या आणि जर्मनीत श्योनेबेकला लापुआच्या कारखान्यात चाचणीची रेंज आहे. खेळाडू आपली रायफल घेऊन तिथे जातात, यंत्रात बसवून एकेका घाणीच्या गोळ्या मारून बघतात आणि जी घाणी सगळ्यात घट्ट गट करते तिचाच साठा मागवतात. आपण आंबेवाल्याकडे पेटी उघडून एक आंबा चाखून बघतो, तसंच. त्यामुळे "येताना चार डब्या छर्रे आण" हा निरोप अर्धवट आहे. ब्रँड, वजन आणि आकडा तिन्ही लिहून द्या, आणि आणायला हरकत नाही ना हेही संघटनेत त्याच फेरीत विचारून घ्या. डब्या हातातल्या बॅगेत कधीही ठेवू नका. आणि एक घरगुती सूचना : छर्रे शिशाचे असतात. सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय डब्याला हात लावायचा नाही, हा नियम मावशीने फ्रिजवर चिकटवून ठेवलाय आणि तो प्रत्येक घरात हवा.

आता ज्यांच्या घरात कुणी नेमबाज नाही, पण परदेशात फिरायला जाताना शिकारीच्या दुकानात शिरायचा मोह होतोच, त्यांच्याबद्दल. तो मोह मी समजू शकते. अमेरिकेतली बास प्रो शॉप्स किंवा कबेलाज ही दुकानं म्हणजे सहलीचंच ठिकाण. आत खोटे डोंगर, भले मोठे मत्स्यालय, पेंढा भरलेली अस्वलं आणि हरणं. मुलं दोन तास हलत नाहीत. मेम्फिसमधलं दुकान तर एका प्रचंड पिरॅमिडमध्ये आहे. जर्मनीत फ्रँकोनिया नावाची साखळी आहे. आणि चंदीगडहून थेट दुबईला जाणाऱ्यांसाठी अबू धाबी दीड तासावर. तिथे २००३ पासून शिकार आणि घोडेस्वारीचं मोठं प्रदर्शन भरतं, सहसा उन्हाळ्याच्या शेवटाला.

या दुकानांत कपडे उत्तम मिळतात, यात वाद नाही. पाऊस आत न येऊ देणारं जॅकेट, काट्यात न फाटणारी पँट, आवाज न करणारे बूट. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून शिकार बंद आहे, पण ताडोबाच्या पहाटेच्या थंडीत हेच कपडे कामाला येतात. डेकॅथलॉनचा सोलोन्याक हा ब्रँड मुळात फ्रान्समध्ये शिकाऱ्यांसाठी निघाला. सोलोन्य या तिथल्या जंगलप्रदेशावरून त्याचं नाव पडलं. आपल्याकडे तोच माल जंगल बघायला जाणाऱ्यांना विकला जातो. मग इतक्या लांबून का आणायचा, हाही प्रश्न आहेच. फक्त लष्करी छापाचं कापड घेऊ नका. चंडीमंदिरसारखी मोठी छावणी शेजारी असलेल्या भागात तसे कपडे घालून फिरणं म्हणजे नसती चौकशी ओढवून घेणं. शिवाय क्रिकेट बघायला वेस्ट इंडिजला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, बार्बाडोस आणि जमैकात सामान्य माणसाने कॅमोफ्लाज घालणं बेकायदाच आहे. लहान मुलाची टोपीसुद्धा चालत नाही.

दुर्बीण घ्या, जरूर घ्या. मोठ्या आकाराचा स्विस चाकू घेतलात तर तो चेक-इन बॅगेत जाऊ द्या. पण नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची शिकारी सुरी आपल्या शस्त्र नियमांच्या यादीतच येते, तेव्हा ती दुकानातच शोभू द्या. कॅनडातून अस्वलं पळवायचा स्प्रे आणू नका. तो विमानात वरही चालत नाही आणि खालच्या सामानातही नाही. मिरचीच्या स्प्रेचंही तेच. मुठीच्या जागी हरणाचं शिंग लावलेल्या सुऱ्या, कातडी, पिसं यांना हातही लावू नका. २०२२ च्या दुरुस्तीनंतर परदेशी प्राण्यांच्या व्यापाराचे आंतरराष्ट्रीय नियमही आपल्या कायद्यात आले आहेत. ड्रोन तर नकोच, फेब्रुवारी २०२२ पासून त्याची आयात बंद आहे.

एक वस्तू मात्र अशी आहे जिच्यावर कुणाला संशय येत नाही. डोंगरात, जंगलात मोबाइलला रेंज नसते, म्हणून शिकारी आणि ट्रेकर उपग्रहाद्वारे मेसेज पाठवणारं मुठीएवढं यंत्र घेतात. गार्मिन इनरीच हे त्यातलं प्रसिद्ध नाव. परदेशात ते सर्रास मिळतं आणि जीवही वाचवतं. भारतात परवान्याशिवाय ते बाळगता येत नाही. २०२४ च्या डिसेंबरमध्ये गोव्याच्या विमानतळावर कॅनडाच्या एका धावपटू महिलेला याच यंत्रामुळे अडवलं गेलं आणि सुट्टी सोडून कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. तिने ते लपवलं नव्हतं, तपासणीत स्वतःच ट्रेमध्ये ठेवलं होतं. तुमच्या अमेरिकेतल्या पुतण्याला भारतात येताना हे आवर्जून सांगा. त्याला ते टॉर्चइतकंच निरुपद्रवी वाटत असतं.

आणि आता सगळ्यात छोटी, सगळ्यात जास्त घरांना रडवणारी वस्तू : एक काडतूस.

परदेशात पर्यटकांना रेंजवर नेऊन गोळ्या मारू देतात. अमेरिकेत तर नातेवाईक हौसेने नेतात. तिथून माणूस आठवण म्हणून रिकामी पुंगळी खिशात टाकतो, किंवा एखादी न उडालेली गोळी जॅकेटच्या आतल्या कप्प्यात राहते. तीच बॅग सहा महिन्यांनी एक्स-रेतून जाते आणि पडद्यावर ते चित्र उमटतं. मग सुरक्षा दल, पोलीस, पंचनामा, शस्त्र कायद्याचं कलम २५, चुकलेलं विमान. दुसऱ्याची बॅग उसनी घेऊन निघालेल्यांचीही हीच गत होते, आणि ज्या घरांत परवान्याची बंदूक आहे तिथे तर काडतूस कुठल्या बॅगेत आहे हे कुणालाच आठवत नाही. कायदा इथे अगदीच आंधळा नाही. गुणवंतलाल खटल्यात १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की 'ताब्यात असणं' यात ती वस्तू आपल्याकडे आहे याची जाणीव असणं धरलेलं आहे. त्या आधारावर उच्च न्यायालयांनी, विशेषतः दिल्लीच्या, एकेक काडतूस सापडलेल्या प्रवाशांवरचे कितीतरी गुन्हे रद्द केले आहेत. पण तिथपर्यंत पोहोचायला वकील लागतो, तारखा लागतात, आणि तोवर पासपोर्ट, व्हिसा, नोकरी सगळं टांगणीला. ज्या वस्तीत प्रत्येक घराचं एक बोट व्हिसाच्या फॉर्मवर आहे, तिथे हे किती महाग पडतं याची कल्पना करा.

उपाय अगदी साधा आहे. निघण्याच्या आदल्या रात्री बॅग पलंगावर उलटी करा. चेन असलेला प्रत्येक कप्पा, अस्तराची फाटलेली शिवण, चाकांजवळची खाच, सगळीकडे बोटं घालून बघा. रेंजवर नेलेली बॅग आणि प्रवासाची बॅग कधीच एक नसावी. काकांनी त्यासाठी रेंजच्या बॅगेला लाल रिबन बांधली आहे आणि ती घराबाहेर फक्त रेंजच्याच दिशेने जाते. कागदपत्रांसह गोळ्या नेणाऱ्या खेळाडूंसाठीही विमान कंपनीची आधी परवानगी लागते आणि माणशी पाच किलोंची मर्यादा असते. एअर रायफलीची हवेची टाकी काढून रिकामी करावी लागते. आणि हो, जुनी रायफल विकत घेताना त्या टाकीवरची तारीख वाचा. दहा वर्षं उलटलेली टाकी स्पर्धेत चालत नाही, आणि नवी घेताना स्वस्तात मिळाल्याचा आनंद पार मावळतो.

एवढं सगळं ऐकून तुम्ही म्हणाल, मग आठवण म्हणून आणायचं तरी काय? माझी पसंती सांगते. अबू धाबीच्या त्या प्रदर्शनात आणि तिथल्या बाजारात ससाण्याच्या डोळ्यांवर घालायची चामड्याची टोपी मिळते. अंड्याएवढी, बारीक शिवणीची, वर छोटासा तुरा. अरब लोक तिला बुर्का म्हणतात. ससाणे पाळून शिकार करण्याची ही परंपरा २०१० मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली, आणि तिकडे ससाण्यांना स्वतःचा पासपोर्टसुद्धा असतो. माणसांच्या पासपोर्टची इतकी काळजी असलेल्या एयरोसिटीत ही गोष्ट सांगितली की सगळे हसतात. पंजाबचा राज्यपक्षी बाज आहे आणि गुरु गोबिंदसिंगांच्या चित्रात त्यांच्या हातावर तोच बसलेला असतो, म्हणून इथल्या घरात ती टोपी विशेष शोभते. फक्त तुरा खऱ्या पिसांचा नाही ना, एवढं दुकानदाराला विचारून घ्या. चामड्याच्या झालरीची घ्या. बिल घ्या. साठ-सत्तर ग्रॅमसुद्धा भरत नाही, त्यामुळे मावशीच्या बॅगेत लोणच्याच्या बरणीला पुरेशी जागा उरते.